उरलेला अर्धा सिनेमा

"तुमच्याकडे एखादं तिकीट जास्तीचं आहे का हो?"

मी वळून पाहिलं. राखाडी स्वेटर, नुकतेच पाणी लावून बसवलेले केस, आणि चेहरा असा की नाही म्हटलं तर बिचारा तिथेच फतकल मारून बसेल. डिसेंबरातली रविवारची सकाळ होती आणि विजय नगरच्या त्या मॉलमध्ये तिकिटं केव्हाच संपली होती.

"आहे," मी म्हणाले. माझ्या मैत्रिणीने, पलकने ऐन वेळी कळवलं होतं, 'सॉरी यार, चार घंटे नहीं बैठ सकती.' "पण तुम्हाला कसं कळलं मी मराठी आहे?"

"आत्ता फोनवर आईशी बोलत होता ना तुम्ही. इतक्या दिवसांनी मराठी कानावर पडलं... बरं वाटलं. तरी अर्धं हिंदीच होतं म्हणा."

"इंदूरचं मराठी आहे ते. असंच असतं," मी जरा तोऱ्यात म्हणाले. "तुम्हाला या सिनेमाची आवड दिसते."

"नाही हो. कुठला आहे?"

"नाव माहीत नाही आणि तिकीट पाहिजे?"

"एवढी माणसं सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून आलीत... म्हणजे चांगलाच असणार."

मला हसू आलं. मी तिकीट त्याच्या हातात ठेवलं. त्याचं नाव परेश. कोल्हापूरचा. सांवेर रोडच्या एका कारखान्यात नवी यंत्रं बसवायला कंपनीने काही महिन्यांसाठी पाठवलेला.

सिनेमा होता 'रेवा के दो तीर'. जुना, जवळजवळ चार तासांचा, लढाया, हत्ती, नर्मदेतल्या होड्या असा सगळा थाट असलेला. आता तो नव्याने दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणला होता आणि इंदुरात त्याचा एकच खेळ होता. मी तो कधीच बघितला नव्हता, पण त्याचा पहिला अर्धा भाग मला पाठ होता. मी पोटात असताना आईला सिनेमाचे डोहाळे लागले होते. बाबा तिला घेऊन गेले, मध्यंतराचे दिवे लागले आणि आईला कळा सुरू झाल्या. त्यामुळे आमच्या घरात पुढचं कुणालाच माहीत नव्हतं! बाबांनी तेव्हा शपथ घेतली, बघू तर दोघं मिळून आणि मोठ्या पडद्यावरच. आणि आता एवढ्या वर्षांनी पडदा चालून आला, तर बाबा म्हणाले, गुडघे दुखतात, तू जा.

गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. पण ते नंतर सांगते.

आम्ही बसलो. मी परेशच्या डाव्या बाजूला. दिवे मंद झाले, नर्मदा पडदाभर पसरली, आणि माझ्या अंगावर काटा आला. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट प्रत्यक्ष बघताना काय होतं, ते सांगता येत नाही. बाबांनी पांढरा सांगितलेला घोडा चांगला तांबडा निघाला. नावाड्याची मुलगी जमना आईच्या वर्णनाहून कितीतरी सावळी आणि कितीतरी उद्धट होती. ती भर पुरात सरदाराच्या पोराला, समरजीतला, होडीतून ढकलून देते आणि मग स्वतःच उडी मारून बाहेर काढते. सगळं थिएटर हसलं.

संवाद जुन्या वळणाचे, बुंदेली मिसळलेले. याला काय कळणार, म्हणून मी हळूच वाकून अर्थ सांगायला लागले. तो मान हलवायचा, "हो... हो," म्हणायचा. मग मला चेवच आला. अर्थाबरोबर मी माझी मतंही सांगायला लागले. समरजीतच्या मिशा खोट्या वाटतात. अशा माणसाशी मी तर बोललेच नसते. तुमच्या स्वेटरला डांबरगोळीचा वास येतो. त्यालाही तो "हो" म्हणाला.

मग युद्ध पेटलं. समरजीत फौजेबरोबर निघाला. जमना धावत नदीत शिरली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तिने हात उंचावला आणि ओरडून काहीतरी म्हणाली. नेमके तेव्हाच नगारे वाजायला लागले. तिचे ओठ हलताना दिसले, पण शब्द ऐकू आला नाही. त्याने घोडा वळवला, कान दिला... आणि पडद्यावर अक्षरं आली, मध्यंतर.

"काय म्हणाली ती?" परेशने घाईघाईने विचारलं.

"तेच तर! आमच्या घरात यावर अजून भांडणं होतात. आई म्हणते, 'थांब' म्हणाली. बाबा म्हणतात, 'जा' म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"मी बघून ठरवणार."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कारखान्यात यंत्र अडकलं होतं, माल खोळंबला होता. त्याचा चेहरा उतरला. "मला जावं लागेल," तो म्हणाला आणि दोन पावलं जाऊन परत आला. "एक करा. शेवट मला सांगू नका. कुणी विचारलं तरी सांगू नका."

तो गेला. मी उरलेला सिनेमा बघितला. शेवटी मी हसत होते की रडत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं. डोळे पुसत शेजारी वळले तर रिकामी खुर्ची. इतकं सुंदर काहीतरी बघावं आणि कुणाच्या दंडाला धरून 'बघितलंस?' म्हणता येऊ नये... मला त्या खुर्चीचा रागच आला.

बाहेर आले तर दारात तो उभा! हातांना काळं तेल, श्वास लागलेला.

"संपला?"

"संपला."

"वाटलंच. रिक्षावाल्याला किती म्हटलं... बरं, सांगू नका हं!"

"नाही सांगत. पण गराडू खाल का?"

"ते काय असतं?"

"कोल्हापूरकर! इंदुरात हिवाळा काढताय आणि गराडू माहीत नाही?"

छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या गर्दीत आम्ही उभे राहून गरमागरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्लं. वरून लिंबू आणि जिरावण मसाला. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. "हे असलं काही आमच्याकडे नाही," असं कबूल केलं आणि लगेच वर जोडलं, "पण तिखट अजून चालेल." मग मी म्हणाले, "ती जिरावणची डबी द्या ना इकडे." तो समोर बघत खात राहिला. मी परत म्हणाले. परत तेच. माझे ओठ हललेले दिसले तसा तो दचकला, पूर्ण मान वळवून उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "हो... हो."

मला क्षणात समजलं. माझं कामच ते. ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना मी बोलायला शिकवते, मोठ्यांचे कान तपासून मशीन लावून देते. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. म्हणजे थिएटरात मी कुजबुजलेलं एक अक्षरही...

मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला झाले आणि येऊन त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले.

त्यानंतर आम्ही भेटत राहिलो. कधी ऑफिस सुटल्यावर चहा, कधी रविवारी राजवाड्यापासून उगाच पायी. एकदा अवेळी मावठा आला. हिवाळ्यातला तो पाऊस इतका गार की दात वाजतात. आम्ही एका दुकानाच्या छपराखाली अडकलो. पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं आणि तो मला सिनेमावरून सतावत होता.

"एवढंच सांगा... शेवट गोड आहे का?"

"नाही सांगणार."

"बरं, घोडा तरी जगतो?"

"घोडा जगतो."

"हुश्श!" तो म्हणाला. "मग माणसांचं काय व्हायचं ते होवो."

मी हसले, तर तो माझ्याकडे बघत राहिला. पाणी पडायचं थांबलं तरी आम्ही दोघंही निघालो नाही. तो आता सांगेल, कानाचं आपण होऊन सांगेल असं मला दर वेळी वाटायचं. मी विचारायचं नाही, असं मनाशी ठरवलं होतं. ज्याचं त्याने आपल्या वेळेला सांगावं. तोवर मी उजवीकडे चालत होते.

त्याने माझ्या कामाबद्दल विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, "लहान मुलांना बोलायला शिकवते." तो म्हणाला, "तरीच! स्वतः थांबतच नाही."

संक्रांतीच्या आधी आईने त्याला जेवायला बोलावलं. आमचं घर लोकमान्य नगरात. बाबा, मालोजीराव, आल्या-गेल्याला होळकरांच्या पागेतल्या पणजोबांची गोष्ट सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. परेशने ती मन लावून ऐकली. आई, म्हणजे प्रेमलताबाई, पहिल्या पोळीलाच खूश झाली. सगळं छान चाललं होतं.

"बाबा, भात वाढू?" मी विचारलं.

"नाही, कालच आला," बाबा म्हणाले.

परेशला काही कळेना. आईने कपाळाला हात लावला. "यांना ऐकू येत नाही आणि हे मान्य करत नाहीत. म्हणून तर सिनेमाला आले नाहीत, गुडघ्याचं निमित्त सांगून!"

"मला नको ते मशीन-विशीन," बाबा चिडले. "सब सुनाई देता है मेरे को. या पूर्वाचं काय... कानांची डॉक्टर आहे ना, हिला रस्त्याने जाणारा माणूस दिसला तरी आधी त्याचा कान दिसतो!"

परेशचा घास हातातच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मी जिथे बसले होते, तिकडे पाहिलं. त्याच्या उजवीकडे.

तो नीट जेवला, आईला नमस्कार केला आणि निघाला. मी फाटकापर्यंत गेले.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"गराडू खाल्लं त्या दिवसापासून."

"आणि तेव्हापासून तुम्ही माझी... काळजी घेत होता."

"परेश, तसं नाही..."

"लहानपणी गालगुंड झालं, त्यात कान गेला. दोन ठिकाणी लग्नाचं ठरत आलं होतं, दोन्हीकडून नकार. मुलगा बहिरा आहे म्हणे. आई तेव्हापासून म्हणते, सांगत जाऊ नकोस. पण तुम्हाला मी आज सांगणार होतो. जेवण झाल्यावर. वाटेत चालताना घोकतसुद्धा आलो होतो." त्याने फाटकाची कडी काढली. "आणि तुम्ही तर माझी तपासणी आधीच करून टाकली होती. मी काय, तुमचा पेशंट?"

 तो गेला.

संक्रांत झाली. त्याचा फोन नाही. मी केलेला उचलला नाही. एक मेसेज तेवढा आला... 'इथलं काम संपत आलं. महिनाअखेरीस कोल्हापूर.' त्याच्या पुढे काही नाही. मी तो इतक्या वेळा वाचला की पलक म्हणाली, "आता यातून नवीन काय निघणार आहे, यार? जा ना सरळ!"

मी गेले. सांवेर रोडला, त्याच्या कारखान्याच्या फाटकापाशी. शिफ्ट सुटत होती. ट्रकांची धूळ, भोंगे, सायकली, नुसता गोंगाट. तो बाहेर आला आणि मला बघून जागच्या जागी थांबला.

"मला बोलायचंय," मी म्हणाले. "आणि मला फार चांगलं मराठी येत नाही, म्हणून मध्ये टोकू नका."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"पेशंट आले की मी घड्याळ बघते. तुमच्याबरोबर असताना मला वेळेचं भान नसतं. पेशंटांना मी सिनेमा दाखवत नाही. ते रुसले तर मी त्यांच्या दारात येऊन उभी राहत नाही. मी उजवीकडे चालत होते, ते दया आली म्हणून नाही. मी बोललेलं तुम्हाला ऐकू यावं असं मला वाटत होतं... म्हणून. बस्स. एवढंच."

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. धूळ खाली बसली.

"एक विचारू?" मी म्हणाले. "त्या दिवशी थिएटरात तुम्हाला माझं काहीच ऐकू येत नव्हतं. मग सारखं 'हो, हो' का म्हणत होता?"

तो खाली बघून म्हणाला, "तुम्ही थांबू नये म्हणून."

एवढं बोलला आणि कारखान्याची बस आली. त्याने मला 'या'ही म्हटलं नाही, 'थांबा'ही म्हटलं नाही. बसमध्ये चढला. खिडकीतून मात्र वळणापर्यंत बघत होता.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. दारात परेश. हातात कारखान्याच्या ट्रेनिंग रूममधून मागून आणलेला प्रोजेक्टर.

"काका कुठे आहेत?" त्याने विचारलं आणि माझ्या शेजारून सरळ आत गेला.

बाबा पेपर वाचत होते. तो त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला, अगदी तोंडासमोर, आणि मोठ्याने, सावकाश म्हणाला, "काका, मला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. लहानपणापासून."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "अरे? मग तू सांगितलं नाहीस."

"लाज वाटायची. तुमच्यासारखीच."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.  इतकी वर्षं कुणी बाबांना असं बोललं नव्हतं.

"माझ्या कानाला मशीनचा काही उपयोग नाही," परेश म्हणाला. "तुमच्या आहे. तुम्ही मशीन लावलंत तर तुम्हाला माझ्याहून चांगलं ऐकू येईल. मी तो अर्धा सिनेमा बघायला आलोय. सिनेमा मिळवलाय, भिंतीवर मोठा दिसेल असा बंदोबस्त केलाय. पण ती नदीत उभी राहून काय म्हणाली ते तुम्हालाच ऐकू नाही आलं, तर काकूंच्या बाजूने निकाल लागेल. बघा."

बाबांनी खाली ठेवलेल्या पेपरची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "कहाँ है वो तेरी मशीन?"

मी ते त्यांच्या कानात बसवलं. आवाज जुळवला. बाबांनी डोळे बारीक केले. "पंखा किती आवाज करतो हा," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "प्रेमा, काहीतरी बोल."

"काय बोलू?" आई म्हणाली.

बाबा हसले. "आवाज तोच आहे."

आई पदर डोळ्यांना लावत पडदे ओढायला गेली.

भिंतीवर पांढरी चादर, खिडक्या बंद, आम्ही चौघं सतरंजीवर. मी चादरीकडे बघतच नव्हते. मला पुढचं माहीत होतं. मी त्यांचे चेहरे बघत होते. लढाई हरल्यावर बाबांनी मांडीवर मूठ आपटली. जमनाच्या झोपडीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा आईने बाबांचा हात धरला तो सोडलाच नाही. आणि परेश... घोडा एकटा परत आला तेव्हा त्याने माझ्याकडे असं रागाने पाहिलं, जणू घोडा मीच पाठवला होता.

शेवटी कित्येक वर्षांनी समरजीत येतो. म्हातारा, काठी टेकत. जमना घाटावर भांडी घासत असते. ती वरही बघत नाही. तो विचारतो, त्या दिवशी पाण्यात उभी राहून काय म्हणाली होतीस? सगळ्या लढाया लढताना मी तेच आठवत होतो. रुक जा म्हणालीस? लौट आना म्हणालीस?

आई-बाबा दोघंही पुढे सरकून बसले.

जमना हात धुते. म्हणते, "खाना खाकर जाते, यही कहा था."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग आई आणि बाबा एकदम हसायला लागले. हसता हसता आई रडली, बाबा म्हणाले, "हात्तिच्या! आणि आपण एवढी वर्षं भांडलो," आणि चष्मा काढून पुसत बसले.

परेश माझ्याकडे झुकला. "पूर्वा," तो म्हणाला. नुसतं पूर्वा, पहिल्यांदाच. "मी कोल्हापूरला जात नाहीये. त्या दिवशी बसमधून उतरलो तो थेट साहेबांकडे गेलो. इथल्या युनिटला कायमचा माणूस हवाच होता. परवा होकार आला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आधी तुझ्या बाबांना माझ्याबद्दल सांगायचं होतं. लपवून काही सुरू करायचं नव्हतं."

आम्ही अंगणात आलो. ऊन उतरलं होतं. त्याने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोरच आपल्या आईला लावला.

"आई, मी इंदूरलाच राहतोय."

 पलीकडून मलाही ऐकू येईल असा आवाज आला, "कोण हाय ती?"

"कोण म्हणजे?"

"तिथलं पाणी आवडंना, थंडी सोसंना, दर आठवड्याला रडगाणं. आन् आता ऱ्हातो म्हणतोस? दे तिला फोन."

त्याने फोन माझ्या हातात दिला.  "नमस्ते... मी पूर्वा."

"पोरी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यानं कानाचं सांगितलं का तुला?"

"हो. सगळं सांगितलं. माझ्या आई-बाबांनाही सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. मी गाडीचं बघते."

मी फोन परत दिला. परेश कासावीस होऊन बघत होता. "काय म्हणाली?"

"येतायत."

त्याने एक मोठा श्वास सोडला. मग खिडकीत उभ्या असलेल्या आई-बाबांची पर्वा न करता त्याने माझा हात हातात घेतला, आणि मीही तो तसाच राहू दिला.